सालीवरचा गुलाबी

बनूबाई आंब्याला आंघोळ घालत होत्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या यशोधराला आधी हसूच आलं. बदलापूर पूर्वेच्या या सोसायटीत बनूबाईंना कोणी काही बोलत नसे, कारण सोसायटीच मुळी त्यांच्या शेतावर उभी होती. जमीन बिल्डरच्या हवाली करताना त्यांनी तळमजल्यावरचं घर मागून घेतलं, आणि ‘आमच्या आंब्याला हात लावशील तर बघ’ एवढं त्याला ऐकवलं. आंबा त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. बिल्डरनं मुकाट्यानं पार्किंगची रेघ वाकडी करून घेतली. तेव्हा आपल्या झाडाला एखाद्या बाईनं सकाळी सव्वाआठला बादलीभर पाणी घातलं तर घालू दे बापडी, असं म्हणून यशोधरानं कप तोंडाला लावला, आणि मग तिला बादलीशेजारचा डबा दिसला. पावसाळ्यानंतर जिन्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, पाय घसरतात, म्हणून सोसायटीनं आणलेली ती ब्लीचिंग पावडर होती. बनूबाईंच्या हातात काथ्याचा ब्रश होता, आणि तो चालला होता खोडाच्या उत्तरेकडच्या अंगावर, खांद्याच्या उंचीला, नेमका तिथेच. ‘अहो बनूबाई! अहो थांबा!’ असं ओरडत, कप कठड्यावर तसाच टाकून, साठीला टेकलेली यशोधरा अनवाणी जिना उतरली. खाली पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सालीवरच्या त्या तळहाताएवढ्या राखाडी ठिपक्याचा वरचा भाग खरवडला गेला होता, आतला पांढराफेक गाभा उघडा पडला होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यावर गुलाबी रंग चढला. हळू नाही, भर्रकन. कोणी आतून दिवा लावावा तसा. सवयीनं तिनं मनात आकडे मोजले. तिसाच्या पुढे रंग पातळ व्हायला लागला, चाळीसला गेला. मागे उरला एक मळकट पिवळेपणा.

‘पाहिलंत?’ ती बनूबाईंना म्हणाली. ‘रंग पाहिलात तुम्ही? गुलाबी?’ बनूबाईंनी ब्रश बादलीत टाकला. ‘कसला रंग गो? मना नाय दिसला.’ त्या झाडाकडे बघतच नव्हत्या, लुगड्याला हात पुसत होत्या. ‘झाडाला खरूज लागली व्हती. ती धुतली. आमच्या झाडाला मी धुवीन नाय तर काय करीन?’ यशोधरा काहीतरी लागेल असं बोलणार होती. पण आधी तिनं पळत जाऊन नळाचं साधं पाणी आणलं, तांब्यातांब्यानं ती जागा धुतली, एक बादली, दोन बादल्या, तीन बादल्या, आणि लागेल असं बोलायचं राहूनच गेलं. मना नाय दिसला. हे साधे तीन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात.

खरूज म्हणणाऱ्या बनूबाईंचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. महिन्यापूर्वीपर्यंत यशोधरालासुद्धा तो डाग म्हणजे वाळलेला चुनाच वाटत होता. तिची भाची प्रीती, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राहणाऱ्या भावाची मुलगी, वनस्पतीशास्त्रात संशोधन करते. ती एकदा आत्याकडे जेवायला आली आणि जेवायचं सोडून तासभर आंब्याला नाक लावून उभी राहिली. ‘आत्या, तुला पत्ता तरी आहे का तुझ्या दारात काय आहे?’ मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याचं हे चुलत भावंड, असं तिनं सांगितलं. मग हे दगडावर का नाही, असं यशोधरानं विचारलं, तेव्हा प्रीती म्हणाली की दगडफूलसुद्धा बहुतेक झाडांवरच उगवतं, नाव ठेवणाऱ्यानं घोळ केलाय. खिशातलं भिंग तिनं आत्याच्या हातात दिलं. भिंगाखाली त्या चुन्याच्या डागात एक अख्खी वस्ती होती: राखाडी जमिनीला पडलेल्या बारीक भेगा, तपकिरी वाट्या, प्रत्येक वाटीला फिकट कड, आणि कडेकडेनं पिठासारखी भुकटी. प्रीतीनं त्यावर पाण्याचा फवारा मारला तशी ती राखाडी जमीन बघता बघता हिरवट झाली. बाहेर बुरशी, आत शेवाळ, आणि दोघांचा एकच संसार. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, बुरशी छप्पर धरते आणि असली तसली आम्लं बनवते, म्हणजे किडामुंगी लागत नाही. वर्षाला मिलिमीटरभर वाढतं, तेही हवा बरी असेल तर. ‘म्हणजे हे तुझ्याहून थोरलं असेल, आत्या. आणि आपल्याकडची हवा बघ ना! अंबरनाथ इकडे, उल्हासनगर तिकडे. हे इथे असायलाच नको. मरून जायला पाहिजे होतं कधीच.’ खोडाच्या त्या अंगाला ऊन तिरकं येतं, वरच्या बेचक्यातलं पावसाचं पाणी तिथून ओघळतं, आणि रस्त्याच्या धुळीला खोडच आडवं येतं, म्हणून टिकलं असावं असा तिचा कयास होता.

नाव मात्र पक्कं नव्हतं. दिसायला सारखीच तीन असतात, असं प्रीती म्हणाली. डागाचा वरचा पापुद्रा जरासा खरवडून आतल्या पांढऱ्यावर ब्लीचचा एक थेंब टाकायचा. रंग आलाच नाही तर पहिलं, ते पुष्कळ ठिकाणी आहे. लालभडक झालं तर दुसरं, तेही सापडतं. आणि फिकट गुलाबी येऊन लगेच गेला तर तिसरं. तिसरं फार कमी लोकांनी पाहिलंय, आणि या भागात तर कोणीच नाही. ‘पण ज्या जागी थेंब पडतो ती जागा मरते, आत्या. एवढंसं तर आहे. आमच्या गाइड मॅडमना विचारते, मग एखाद्या रविवारी येऊन करते. तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस हां, प्लीज.’ यशोधरानं शब्द दिला होता. रोज सकाळी ती गॅलरीतून त्या डागावर नजर ठेवत असे, आणि तिचं आयुष्य आता इतकं मोकळंढाकळं होतं की तेवढ्या कामानंही सकाळ भरल्यासारखी वाटे. लग्न केलं नाही, नोकरी संपली, दुपारी झोप येते, संध्याकाळी बनूबाईंशी कट्ट्यावर बसून गप्पा. तिला खरंच काही कमी नव्हतं. एक गोष्ट सोडली तर, आणि ती तिनं कोणाला सांगितलेली नव्हती.

तिचा सगळा जन्म रंगांत गेला होता. कॅम्प चारमध्ये त्यांच्या खोल्यांच्या मागून नाला जायचा, आणि आसपासच्या कारखान्यांत त्या दिवशी जे काय चाललं असेल त्याचा रंग नाल्याला यायचा. आज कुणी म्हणेल, काय ही घाण. तेव्हाही घाणच होती, वासानं डोकं उठायचं. पण पोरांना त्याचं कौतुक. वडील, किसन, कपडे रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी आले की निळे नाहीतर तांबडे हात साबणानं घासता घासता हाक मारायचे, ‘येशे, आज नाला कुठल्या रंगाचा?’ आणि पाच-सहा वर्षांची यशोधरा बेधडक सांगायची, ‘मोरपंखी, पण कडेला राणी.’ तिला रंगांची नावं आईकडून मिळाली होती, आणि आईला बाजारातल्या साडीवाल्याकडून: अबोली, डाळिंबी, चिंतामणी, मोतिया, गुलबक्षी. घरात साड्या दोनच होत्या, नावं मात्र सगळी यायची. वडील म्हणायचे, माझ्या पोरीचे डोळे म्हणजे मालकाच्या मशीनपेक्षा भारी. त्यांनी तिला शिकवलं, अगदी हट्टानं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून अभ्यास करून घेतला. आणि केमिस्ट्रीची पदवी घेऊन ती अंबरनाथच्या कारखान्यात तपासणीच्या लॅबला लागली, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन वडील आपल्या रंगीत हातांनीच गल्लीभर फिरले.

लॅबमधलं तिचं काम ऐकायला सोपं होतं. काचेच्या नळीतून चंबूत थेंब थेंब सोडायचा, चंबू गोल हलवत राहायचा, आणि पाण्यासारख्या द्रवात गुलाबी चढून तीस आकडे टिकला की थांबायचं. तिथेच थांबायचं. एक थेंब कमी तर चूक, एक जास्त तरी चूक. बाकीचे म्हणत, गुलाबी म्हणजे गुलाबी. यशोधरा मनात म्हणे, असं कसं, हा कण्हेरीचा हवा, फिक्यातला फिका. गुलबक्षी झाला की गेलं. पस्तीस वर्षं तिनं तो कण्हेरी पकडला. आणि शेवटच्या वर्षी एका दुपारी ती थेंब सोडत राहिली, सोडत राहिली, रंग काही येईना, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा धर्मेश, दोन वर्षांपूर्वी लागलेला पोरगा, हळूच म्हणाला, ‘मॅडम, कधीच झालंय ते.’ तिनं चंबू खिडकीशी धरला. राणी. चक्क राणी रंग, आणि तिला तो दिसला नव्हता. धर्मेशनं भलेपणानं ते पुन्हा केलं, कोणाला बोलला नाही. पुढच्या महिन्यात थेंब मोजायचं यंत्र आलं, ते यायचंच होतं. आणखी काही महिन्यांनी ती निवृत्त झाली, तीही व्हायचीच होती. शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘मॅडमच्या डोळ्यांसारखे डोळे नाहीत’ असं भाषणात कोणीतरी म्हणालं, आणि धर्मेशनं खाली बघितलं. डोळ्यांच्या डॉक्टरनं मोतीबिंदूची सुरुवात आहे असं सांगितलं होतं, अजून घाई नाही म्हणाला होता. ‘घाई नाही’ एवढं ऐकून तिनं डॉक्टरची फाईल कपाटात साड्यांखाली सरकवली होती.

तर असं होतं ते. झाड धुतलं त्या बुधवारी दिवसभर ती घरातल्या घरात फिरत राहिली. जो डोळा असलेला राणी बघत नाही, तो नसलेला कण्हेरी बघणार नाही कशावरून? महिनाभर तू वाट बघतेयस, गुलाबी यावा म्हणून मनातून आसुसलीयस, मग आला. बनूबाई पंचाहत्तरच्या, पण सुईत दोरा ओवतात, त्यांना का दिसला नाही मग? दुपारी तिनं कपाटातल्या साड्या बाहेर काढल्या, पलंगावर पसरल्या आणि एकेकीचं नाव घेतलं. अबोली अबोलीच होती. मोतिया जरा पिवळा वाटला, पण तो जुनाही झाला होता. मग स्वतःचंच हसू आलं, येशे, वेडी झालीस का गं, म्हणून तिनं घड्या घातल्या. संध्याकाळी प्रीतीला फोन केला. घडलं ते सांगितलं. ‘सगळं गेलं?’ प्रीतीनं विचारलं. ‘नाही, वरचा तिसरा हिस्सा.’ ‘ओके. ओके, चलेगा. आत्या, ब्रशनं घासलं म्हणालीस ना? म्हणजे आतला भाग उघडा पडला असेल. रंग आला का काही?’ यशोधराच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. तिनं ते गिळलं. हिनं आपल्या भरवशावर लिहायचं, छापायचं, आणि उद्या कोणीतरी हळूच येऊन म्हणायचं की मॅडम, हे असं नाहीये! ‘तू ये तर खरी रविवारी,’ ती म्हणाली, ‘मग बघू.’ फोन ठेवल्यावर तिला फार हलकट वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती खाली उतरली तेव्हा तिच्या मुठीत डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली होती, आणि त्यात मोरीतलं ब्लीच पाण्यात मिसळून भरलेलं. एक थेंब. कडेला, कोणाच्या लक्षातही येणार नाही अशा जागी नखानं खरवडायचं आणि एक थेंब. अर्ध्या मिनिटात कळेल. पुन्हा गुलाबी आला तर डोळे शाबूत. नाही आला तर, तर निदान कळेल. तिनं नख टेकवलं. धुतलेला वरचा भाग पिवळट पडून सालीसारखाच कोरडा झाला होता, आणि खालचा तसाच होता, वाट्या घेऊन बसलेला, रात्रीच्या दवानं किंचित हिरवा. एवढ्या जवळून तिनं तो भिंगाशिवाय कधी पाहिला नव्हता. आपण साठ वर्षांच्या, हाही तेवढाच किंवा जास्त. आपण त्या नाल्याकाठी श्वास घेऊन मोठे झालो, हाही हीच हवा खाऊन इथे मिलिमीटर मिलिमीटर पसरला. मरायला पाहिजे होता आणि मेला नाही. याला आता आपल्या डोळ्यांची परीक्षा घ्यायला मारायचं? ‘बाय, नको गो!’ मागून एकदम आवाज आला, आणि ती दचकली. बनूबाई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरलेला. ‘परत नको घालू त्यावर. झाड हाय ते, त्याला बी जीव हाय.’ परवा खरूज म्हणून ब्रश चालवणाऱ्या बाईनं हे म्हणावं याचं यशोधराला नवल वाटलं, पण तिचं नख आधीच मागे आलं होतं. बाटली तिनं गटारात रिकामी केली. मग दोघी कट्ट्यावर बसल्या, आणि कोवळं ऊन पायांवर येत होतं तेव्हा यशोधराला अचानक, काही कारण नसताना, बरं वाटलं. नाही कळलं तर नाही कळलं. पण ती तिची एकटीची गोष्ट होती तोवर ठीक; रविवारी प्रीती विचारणारच होती.

प्रीती आली ती सरळ झाडापाशी. सॅक पाठीवर तशीच. भिंग लावलं, फवारा मारला, आणि खालचा भाग हळूहळू हिरवा व्हायला लागला तशी ती किंचाळलीच, ‘जिंदा है! आत्या, जिवंत आहे हा!’ यशोधरानं इतक्या जोरात श्वास सोडला की दोघींना हसू आलं. बनूबाई कट्ट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनीही मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ‘पण मॅडमनी सांगितलंय,’ प्रीती वही उघडत म्हणाली, ‘आता पुढचा पावसाळा जाईपर्यंत याला बोटसुद्धा लावायचं नाही. टेस्ट नाही, तुकडा नाही. म्हणजे माझ्याकडे जे काय आहे ते फक्त बुधवारचं.’ तिनं पेनचं टोपण काढलं. ‘आता नीट सांग. रंग आला होता की नव्हता? तुझ्यासारखी बघणारी मला कुठे मिळणार? निरीक्षक म्हणून तुझं नाव घालते.’

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. तिनं प्रीतीच्या हातातल्या उघड्या वहीकडे पाहिलं, सरळ आखलेल्या रकान्यांकडे, आणि मग तिनं धर्मेशची गोष्ट सांगितली. चंबू, राणी रंग, ‘कधीच झालंय ते’, साड्यांखालची फाईल, सगळं. झाडाखाली उभ्यानं, भाजीवाल्याची गाडी शेजारून ओरडत जात असताना. ‘मला बुधवारी रंग दिसला, बाळा. पण माझ्या दिसण्यावर तू काही लिहावंस असं आता मी नाही म्हणू शकत. बनूबाई शेजारीच होत्या, त्यांना दिसला नाही.’ प्रीतीनं आत्याचा हात धरला, दाबला, आणि दुसऱ्या हातानं पेनचं टोपण लावलं. ‘मग कोरं ठेवते आत्या. चालतं. कोरं ठेवणं पण चालतं.’ यशोधराचे डोळे भरून आले. वाईट तर वाटत होतंच, पण वर्षभर छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं, आणि यातलं काय जास्त आहे ते तिला सांगता आलं नसतं.

‘कोरं नको ठेवू,’ बनूबाई म्हणाल्या.

दोघी वळल्या. बनूबाईंनी मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. ‘व्हता रंग. मना दिसला.’ आवाज इतका बारीक होता की प्रीतीला जवळ जावं लागलं. ‘मना वाटलं, झाडाला रगत आलं. सासऱ्यानं लावलेलं झाड, आनि मी माझ्या हातानं त्याची कातडी सोलली. रगत आलं आनि गेलं. तू इचारलंस, तवा तोंडातून नायच निघालं. कसं सांगू गो? पाप केलं म्हनून सांगू?’ त्यांनी पदर तोंडाला लावला. ‘चार रात्री डोल्याला डोला नाय.’

‘आणि माझं काय!’ यशोधरा ओरडलीच. ‘चार दिवस मी समजत होते माझे डोळे गेले! साड्या पसरून बसले होते वेड्यासारखी! बनूबाई, अहो काय हे!’ ‘तुझ्या डोल्यांचं मना काय ठावं?’ बनूबाई पदराआडूनच, पण जराशा तोऱ्यात. ‘मी झाडाच्या काळजीत. मरल का गो ते?’ ‘नाही हो मरत. रक्त नव्हतं ते. ते आतल्या आम्लाचं... जाऊ दे, नाही मरत.’ तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि ती दोन्ही येऊ देत होती. प्रीतीनं टोपण पुन्हा काढलं होतं. ‘आजी, कसला होता? लाल होता की...’ ‘थांब!’ यशोधरानं तिच्या मनगटावर हात ठेवला. ‘तू काही सुचवू नकोस. त्यांना त्यांचं सांगू दे.’ आणि आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून तिनं स्वतः झाडाकडे पाठ केली, पार्किंगच्या वाकड्या रेघेकडे बघत उभी राहिली. लालभडक म्हणाल्या तर? मागे बनूबाई विचार करत होत्या. विचार करताना जीभ टाळ्याला लावायची त्यांची सवय, तो टक्‌टक्‌ आवाज येत होता.

‘लाल नाय,’ त्या म्हणाल्या. ‘वासरू जलमतं ना, त्याची जीभ असते बघ. तान्ह्या वासराची. तसा. पाह्यला नि गेला.’

यशोधरा वळली. पस्तीस वर्षं ती ज्याला कण्हेरी म्हणत आली होती तो रंग तिच्यासमोर उभा राहिला, ओलसर, फिका, जेमतेम असलेला, आणि या बाईनं त्याचं नाव तिच्यापेक्षा बरोबर घेतलं होतं. ‘तोच,’ ती म्हणाली, ‘अगदी तोच.’ प्रीती लिहायला लागली होती, फिकट गुलाबी, क्षणभर, आणि रकान्याच्या शेवटी येऊन थांबली. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा ना. निरीक्षक म्हणून दोघींची लिहिते.’ बनूबाईंनी नाव सांगितलं, नवऱ्याचं घालून, सासऱ्याचंही घालून, आणि प्रीतीनं ते सगळं लिहून घेतलं.

‘आणि खाली लिही,’ यशोधरा म्हणाली. ‘दोघींचं रीडिंग जुळलं.’